चारची फेरी

निवृत्तीला सहा वर्षं झाली तरी घड्याळकाकांचा बसडेपो काही सुटला नव्हता. पस्तीस वर्षं त्यांनी गाड्या वेळेवर सोडल्या. आता सोडायला एकच उरला होता, लेकीचा कुत्रा, ढब्बू. नोकरीपायी सहा महिने परगावी जाताना लेक एवढंच म्हणाली होती, "बाबा, याला जपा." काकांनी लगेच वेळापत्रक आखून फ्रिजवर चिकटवलं. चार वाजता फेरी. थंडीत आखलेली ही फेरी भर उन्हाळ्यातही चारलाच सुटायची. वेळ बदलायला वरून हुकूम लागतो, आणि वर आता कुणी नव्हतं.

त्या दिवशी ढब्बूनं इस्त्रीवालीच्या टपरीसमोर बसकण मारली.

"ऊठ. नाटकं पुरेत. तीन मिनिटं लेट आहोत."

इस्त्रीवालीनं मान वर केली. "काका, तुमच्या पायांत काय आहे?"

"बूट."

"आणि त्याच्या?"

काकांनी ढब्बूच्या पंजांकडे पाहिलं.

"हात उपडा करून डांबरावर टेकवा. सातपर्यंत मोजा."

तीन मोजतानाच काकांनी हात झटकन उचलला.

"माझी इस्त्रीसुद्धा बरी," ती म्हणाली.

एवढ्यात ढब्बू आडवाच झाला. जीभ लोंबलेली, धाप थांबेना. लेकीला काय तोंड दाखवणार? काका बर्फ आणायला धावणार तोच इस्त्रीवाली म्हणाली, "बर्फ नको, साधं पाणीच हवं." तिनं त्याला टेबलाखालच्या सावलीत ओढलं, कपड्यांवर शिंपडायचं पाणी त्याच्या पोटावर, पंजांवर ओतलं आणि पुठ्ठ्यानं वारा घालत राहिली. रिक्षाही तिनंच थांबवली.

पंजांना पट्ट्या बांधत जनावरांचे डॉक्टर म्हणाले, "वेळेवर गार केलंत, म्हणून वाचला."

वेळेवर! या शब्दावर काकांनी आयुष्यभर हक्क सांगितला होता. या वेळी मात्र ते खालच्या आवाजात म्हणाले, "मी नाही हो. आमच्या इस्त्रीवाल्या ताईंनी."

पंधरा दिवसांनी पट्ट्या सुटल्या. संध्याकाळी सातच्या सुमारास काका टपरीसमोर आले, गुडघा धरत वाकले, हात उपडा करून रस्त्यावर टेकवला आणि मोठ्यानं सातपर्यंत मोजलं.

"ताई, सोडू का गाडी?"

"सोडा," ती शर्टाच्या कॉलरवरची नजर न काढता म्हणाली.

फ्रिजवरच्या वेळापत्रकात 'चार' खोडलेलं होतं. शेजारी काकांच्या वळणदार अक्षरात नवी नोंद होती: 'ताई सांगतील तेव्हा.'