माझी पाळी राहिलीय

मी मिठाचा सट बोलतोय. चिनीमातीचा, पांढरा, काठाचा टवका उडालेला. मुकाट्यानं मीठ सांभाळावं, एवढंच माझं काम. पण सध्या माझ्या अंगाचा तिळपापड होतोय, तेव्हा ऐकूनच घ्या.

भट्टीतून निघालो तेव्हा झाकण माझ्या मापाचं नव्हतं. दुकानदार मला फेकणारच होता. तेवढ्यात एक नवी नवरी म्हणाली, "असू दे, मला चालेल." तिचा तो उपकार मी आजही विसरलेलो नाही. मातीच्या सटाला जे कळतं, ते माणसांना का कळू नये?

तिचा नवरा छापखान्यात कामाला होता. एकदा छापखाना बंद पडला आणि संध्याकाळी टेबलावर फक्त पाव आणि मी उरलो. तिनं मला उचललं आणि डोळे मिटले. "प्रभू, पाव तू दिलास. पण तो आणायला हा माणूस भर पावसात चालत गेला. त्याच्याबद्दल तुझे आभार." मग तिनं मला त्याच्या हातात दिलं. तो हमसून हमसून रडला.

तेव्हापासून रिवाज पडला. जेवणाआधी मी हातोहाती फिरतो. ज्याच्या हातात मी, त्यानं आभार मानायचे, मग सगळ्यांनी आमेन म्हणायचं. तिचा नियम कडक होता: आमेन म्हटलं की ते पाळायचं. तिथं माघार नाही.

ती प्रभूकडे गेली आणि रिवाजाचं नुसतं टरफल उरलं. तिचा नवरा, म्हणजे घरातले पप्पा, आता चर्चच्या मंडळीत मोठे. उपकारस्तुतीवर बोलायला त्यांनाच बोलावतात. एकदा मलाही पिशवीत घालून उपासनेला नेलं. "या सटानं आमचं घर बांधून ठेवलंय," असं छाती फुगवून सांगितलं. तिथंच फुटून जावंसं वाटलं मला.

कारण घरात काय चालायचं ते मला ठाऊक. घरात आता तिघंच: पप्पा, त्यांचा मुलगा आणि सून. सून दिवसभर इस्पितळाच्या धुलाईघरात उभी. घरी आली की चुलीपाशी उभी. पप्पांना जेवण वाफाळतं लागतं, म्हणून ती शेवटचं भांडं घेऊन येईपर्यंत इकडे आमेन उरकलेलं असायचं. भाजीत मीठ घालायला मी तिच्या हातात रोज यायचो, प्रार्थनेला एकदाही नाही.

आणि यांचे आभार तरी कसले? "देवा, रुचकर अन्नाबद्दल आभार." "देवा, कडक इस्त्रीच्या शर्टाबद्दल आभार." जणू देवच येऊन इस्त्री करून गेला! सगळे आभार छताकडे. समोरच्या माणसाला एक शब्द नाही.

गेल्या रविवारी कहर झाला. पातेल्याचं झाकण काढताना वाफेनं सुनेचा हात भाजला. ओलं फडकं गुंडाळून तिनं तसंच सगळं वाढलं. पप्पांनी मला उचललं. "प्रभू, भाजला तो डावा हात. उजवा तू राखलास, स्वयंपाक अडला नाही, त्याबद्दल तुझे उपकार."

माझ्या तळाची आग झाकणापर्यंत गेली. मुलगा आमेन म्हणणार, तोच सुनेनं मला पप्पांच्या हातून काढून घेतलं.

"थांबा. माझी पाळी राहिलीय."

"अगं, जेवण गार होतंय," मुलगा म्हणाला.

"होऊ दे." तिनं डोळे मिटले. "प्रभू, तुझ्यावर माझा राग नाही. कपड्यांचे ढीग उपसताना मी रोज तुझे आभार मानते. पण या घराला माणूस दिसेनासा झालाय. उद्यापासून मी आधी बसेन, वाढायचं काम हे दोघं करतील. आणि माझा हात किती दुखतोय, हे आज मला कुणीतरी विचारील. आमेन."

"आमेन," पप्पा म्हणाले.

सवयीनं! तोंडातून सुटून गेलं. मग त्यांचा चेहरा उतरला.

"पप्पा, तुम्ही आमेन म्हणालात," मुलगा हळूच म्हणाला.

पप्पांनी चमचा खाली ठेवला. मग उठले. "मलम... मलम कुठं असतं आपल्याकडे?"

"वरच्या फळीवर, उजव्या बाजूला," सून म्हणाली. आणि ती जागची हलली नाही.

आता पप्पा वाढतात. सांडतात, कुरकुरतात. काल त्यांनी मला हातात घेतलं. "प्रभू, उभं राहून पाय किती भरून येतात, ते मला आत्ता..." मध्येच थांबले. डोळे उघडून सुनेकडे बघितलं. "बाळा, तुझे आभार."

ती लगेच आमेन म्हणाली नाही. एक घास खाऊन बघितला. "मीठ द्या इकडे. अळणी झालंय."

माझा राग अजून गेलेला नाही, एवढ्यात जाणारही नाही. तुम्हीही जेवणाआधी डोळे मिटत असाल. मिटा जरूर. पण त्याआधी एकदा स्वयंपाकघराकडे बघा. तिथं कुणी उभं असेल, तर तुमचं आमेन घशातच ठेवा.