फत्तूमियाँच्या एकवीस चिजा

शालिकराम राऊत गुरुजींचा हट्ट अख्ख्या अमरावतीला ठाऊक होता. कॉलेजच्या संगीत विभागात त्यांची चौदा वर्षं नोकरी झाली, पण तंबोरा जुळल्याशिवाय त्यांनी एकही तास सुरू केला नाही. जुळेपर्यंत घंटा झाली तरी बेहत्तर. पोरं हसायची. प्राचार्य म्हणायचे, "गुरुजी, पोर्शन पुरा व्हायला पाहिजे." गुरुजी म्हणायचे, "पोर्शन होईन जी पुरा, सूर कवा होईन?"

अशा माणसाच्या गळ्यात १९६१ साली विद्यापीठाची नवी योजना येऊन पडली. कॉलेजातल्या मास्तरांनी वस्त्यावस्त्यांत जाऊन लोकांना गाणं शिकवायचं. दर रविवारी दोन तास, प्रार्थना आणि समूहगीतं, वर्षाच्या शेवटी अहवाल. बाकीच्यांनी महिला मंडळ, कन्याशाळा अशा सोयीच्या जागा पटापट उचलल्या. नांदगाव पेठेच्या रस्त्यावरची बौद्ध वस्ती तेवढी उरली, ती गुरुजींकडे आली. त्यांना त्याचं काही नव्हतं. कुठेही गेलं तरी 'सा' तोच असतो, असं ते म्हणत.

वस्तीनं दीक्षेनंतर पदरमोड करून एक विहार बांधला होता. भिंती मातीच्या, वर टिनं. पहिल्या रविवारी चाळीस माणसं जमली, दिवाळीपर्यंत अकरा उरली. जिनिंग-प्रेसमध्ये रुईच्या गाठी उचलणाऱ्या देवमनची मुलगी पंचफुला त्या अकरांतली. सतरा वर्षांची, मॅट्रिकच्या वर्गातली, बोलायला एवढीशी. पण तिनं पहिल्यांदा एकटीनं 'सा' लावला तेव्हा गुरुजींनी पेटी बंद केली. त्या आवाजाला पेटीच्या आधाराची गरजच नव्हती. त्या दिवशी घरी येऊन ते बायकोला, गोदाबाईला, म्हणाले, "चौदा वर्सं मी कॉलेजात झक मारली. गळा तर तिकडे होता."

पुढच्या उन्हाळ्यापर्यंत समूहगीतं बाजूला पडली. बाकीचे घरी गेले की पंचफुला थांबायची. देवमन दारातल्या पायरीवर बसून असायचा. त्याला गाण्यातलं कळत नव्हतं, पण पोरगी चुकली की त्याला बरोबर कळायचं, कारण गुरुजी मांडीवर थाप मारायचे. भूप झाला, यमन झाला, पूरिया झाला. आणि मग घोडं अडलं.

अडलं ते फत्तूमियाँच्या चिजांपाशी.

फत्तूमियाँ म्हणजे गुरुजींचे उस्ताद, अकोल्याचे. त्यांच्या घराण्यातल्या एकवीस चिजा त्यांनी आयुष्यभर मैफलीत गायल्या नाहीत की कागदावर उतरवू दिल्या नाहीत. ज्याच्या मनगटावर गंडा बांधला, म्हणजे लाल धागा बांधून ज्याला रीतसर आपला केला, त्यालाच त्या मिळायच्या. शालिकराम हा शेतकऱ्याचा पोरगा मियाँकडून गंडा बांधून घरी आला, तेव्हा बापानं त्याला उंबऱ्याच्या आत घेतलं नव्हतं. तो तसाच मागे फिरला आणि अकरा वर्षं मियाँच्या ओसरीवर राहिला. मियाँ गेले ते त्याचा हात धरून. "बगैर गंडे के किसी को मत देना, शालिक." शालिकरामनं मान हलवली होती. मियाँचा दुसरा शागीर्द कोणी उरला नव्हता. एकवीस चिजा आता या एका माणसाच्या गळ्यात होत्या, आणि माणूस अठ्ठावन्न वर्षांचा होता.

गुरुजींनी दिवस निवडला आषाढी पौर्णिमेचा. आपली ती गुरुपौर्णिमा, आणि त्या लोकांनाही पौर्णिमा पवित्र. दोन्हीकडून जुळलं, असा त्यांनी मनाशी हिशेब केला. कोणाला विचारलं मात्र नाही. मानाची गोष्ट विचारून का कोणी देतं? नवं धोतर नेसून, तंबोरा, गूळ-चणे आणि लाल धाग्याची पुडी घेऊन ते विहारात गेले. वस्ती पांढऱ्या कपड्यांत जमली होती. वंदना नुकतीच संपली होती. गुरुजींनी सगळ्यांसमोर पुडी सोडली आणि म्हणाले, "पंचफुला, हात कर इकडे. आजपासून तू माही शागीर्द."

पंचफुलानं बापाकडे पाहिलं. देवमन उठून पुढे आला. चढ्या आवाजात नाही, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला.

"गुरुजी, थे ठेवून द्या."

"काहून? देवमनजी, हे काही देवाचं नोहे. माहे उस्ताद मुसलमान होते. याच्यात देव कुठी हाय?"

"देव नसन. दोरा तर हाय ना." देवमननं आपलं मनगट पुढे केलं. "ताप आला का दोरा, नजर लागली का दोरा, मरीमायचा एक, भगताचा एक. मी नागपूरहून दीक्षा घेऊन आलो, तवा मायनं विळा घेतला अन् घरातल्या सगळ्याइचे दोरे कापले. माहे, पंचफुलाचे, सोताचे. बुढी रडून राहिली होती, पन हात थांबला नाई तिचा. त्या दिसापासून आमच्या घरी कोनाच्याच हाताले दोरा नाई."

"मी ह्या धाग्यापायी घर सोडलं, देवमनजी."

"तुमी घर सोडून बांधला. आमी तोडला, तवा कुठी घर झालं." मग तो जरा नरमला. "तुमचं मन वाईट नाई, मले समजते. पोरगी तुमच्या पाया पडन, तुमचं पानी भरन. पन हात नाई देनार."

पंचफुला त्या दिवशी एकच वाक्य बोलली. "गुरुजी, धाग्याबिगर नाई काय शिकवता येत थ्या चिजा?"

"नाई," गुरुजी म्हणाले. पुडी बांधली, तंबोरा रिक्षात ठेवला आणि निघाले.

अपमान झाला, हेच त्यांच्या डोक्यात बसलं. जे आपण बापाला लाथाडून मिळवलं, ते यांना फुकट देत होतो आणि यांनी ते परत केलं. पुढच्या रविवारी ते गेले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. कॉलेजच्या अहवालात त्यांनी लिहिलं, 'उपस्थितीअभावी वर्ग स्थगित.' हे सरळ खोटं होतं. ते त्यांना ठाऊक होतं, तरी त्यांनी लिहिलं. दसरा गेला, दिवाळी गेली. एकदा पंचफुला कॉलेजवर आली आणि संगीत विभागाच्या व्हरांड्यात तासभर उभी राहिली. गुरुजींनी तिला खिडकीतून पाहिलं आणि वाद्यांच्या खोलीत जाऊन तबल्यांवरची धूळ पुसत बसले. तबल्यांवर धूळ नव्हती. ती गेल्यावरच ते बाहेर आले.

गोदाबाईनं तोंडावर सांगितलं, "सुंभ जळला तरी पीळ जात नाई तुमचा. त्या लेकराचं काय चुकलं?"

"मियाँले सबूद देला हाय म्या."

"मियाँ काय पाहाले येऊन राहिले? त्याइले चिजा जित्या ठेवाच्या होत्या का धागा?"

गुरुजी जेवणावरून उठले. पण तो प्रश्न काही उठून गेला नाही. रोज पहाटे रियाजाला बसले की ते एकवीस चिजा एकदा म्हणून बघायचे. म्हणताना समोरच्या भिंतीवर त्यांना पंचफुलाचा चेहरा दिसायचा. ही तान तिच्या गळ्यात कशी बसली असती, असं मनात यायचं, आणि ते तंबोरा ठेवून द्यायचे.

डिसेंबरात एका सकाळी तंबोऱ्याची खुंटी पिळता पिळता त्यांचा उजवा हात खाली पडला. मग पाय गेला. मग तोंड वाकडं झालं. गोदाबाईनं शेजाऱ्यांना बोलावून दवाखान्यात नेलं. जीव वाचला. वाचा मात्र गेली. पाणी पाहिजे असलं तरी 'पाणी' हा शब्द येईना. तोंडातून नुसता 'आं' निघायचा. डोक्यात सगळं लख्ख होतं आणि बाहेर काही निघत नव्हतं. गुरुजी दवाखान्याच्या छताकडे बघत पडून राहायचे. त्यांना मरणाचं भय वाटलं नाही. पाच महिन्यांचे रविवार मात्र त्यांच्या छातीवर येऊन बसायचे. पाच महिन्यांत किती झाल्या असत्या? दहा? बारा? आता एकही नाही. मियाँचं घराणं ह्या लोखंडी खाटेवर संपणार, आणि ते संपवणारा मी.

सहाव्या दिवशी संध्याकाळी देवमन आणि पंचफुला आले. देवमन प्रेसमधून तसाच आला होता, केसांत कापसाचे तंतू. पंचफुला खाटेजवळ उभी राहिली आणि रडायला लागली. गुरुजींनी बोलायचा प्रयत्न केला. 'आं' झालं. त्यांनी तोंड फिरवलं.

तेव्हा गोदाबाईनं पदराआडून ती पुडी काढली. तिनं ती घरून आणली होती. नवऱ्यासाठी आता तिला एवढंच करण्यासारखं दिसत होतं.

"भाऊ," ती देवमनला म्हणाली, "माह्यासाठी म्हना, बिमार मानसासाठी म्हना. एकडाव बांधू द्या. याइचा जीव तेच्यात अटकला हाय."

देवमननं मान खाली घातली. मग म्हणाला, "पंचफुला, तुह्या मनानं पाहाय. मी बोलनार नाई."

पंचफुलानं डोळे पुसले. बाही वर केली आणि हात पुढे केला. गोदाबाईनं धागा नवऱ्याच्या डाव्या मुठीत ठेवला.

गुरुजींनी त्या हाताकडे पाहिलं. मग देवमनकडे. ह्या माणसानं भर विहारात त्यांना नाही म्हटलं होतं, तेव्हा त्याची मान ताठ होती. आता ती खाली होती, आणि ती खाली घालायला लावणारे आपण. मरणाऱ्याची शेवटची इच्छा पुरवावी, तसा पंचफुलानं हात पुढे केला होता. गुरुजींना शरम वाटली. मियाँनी धागा बांधला तेव्हा शालिकराम आनंदानं रडला होता. ह्या पोरीचं रडणं तसलं नव्हतं. असा हात त्यांना नको होता. मियाँ, माफी द्या, असं ते मनातल्या मनात म्हणाले; कयामतीला तुमच्यापुढे उभा राहीन, पण हे होणार नाही.

त्यांनी धागा खाटेखाली टाकून दिला. डाव्या हातानं पंचफुलाचं मनगट धरलं, तिची बाही ओढून खाली केली. आणि मग, का ते त्यांनाही कळलं नाही, 'सा' लावला.

तो लागला. वाकड्या तोंडातून, फाटका, पण लागला. आणि त्या 'सा'च्या मागून, दोरीनं ओढल्यासारखे, शब्दही आले. 'पाणी' म्हणता न येणारा माणूस श्री रागातली मियाँची पहिली चीज म्हणू लागला:

"नीर भरन को निकसी सांझ,
घाट न चीन्हे कोय..."

गोदाबाईनं तोंडावर हात ठेवला. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा उठून बसला. नर्सबाई धावत आली आणि दारातच थांबली. नंतर डॉक्टरांनी सांगितलं की असं होतं कधी कधी, बोलणं जातं आणि गाणं राहतं. त्या वेळी कोणाला काही माहीत नव्हतं.

स्थायी संपली. गुरुजी थांबले आणि पंचफुलाकडे पाहिलं. 'म्हण' एवढा एक शब्द पाहिजे होता, तो येईना. त्यांनी तिचा तळहात उघडला आणि बोटानं त्यावर सम दिली. तिला कळलं. तिनं डोळे मिटले आणि स्थायी म्हटली. एक जागा चुकली. गुरुजींनी खाटेच्या लोखंडावर थाप मारली. दारापाशी जाऊन उभा राहिलेला देवमन त्या थापेसरशी वळला. तिनं परत म्हटली, आणि ह्या वेळी बरोबर म्हटली.

अंतरा व्हायला तासभर लागला. भेटायची वेळ केव्हाच संपली होती, पण नर्सबाईंनी कोणाला हटकलं नाही. शेवटी गुरुजींचा श्वास पुरेना. त्यांनी मान उशीवर टाकली. एक झाली होती. वीस राहिल्या होत्या, आणि आपल्याकडे किती दिवस आहेत हे त्यांना ठाऊक नव्हतं.

देवमन पुढे आला. त्यानं खाटेच्या कडेला दोन्ही हात टेकले आणि वाकून, बहिऱ्या माणसाशी बोलावं तसं, सावकाश विचारलं, "गुरुजी, पोरीले रविवारी आनू काय?"

रविवार चार दिवसांवर होता. गुरुजींनी 'नाही, उद्या' म्हणायला तोंड उघडलं. नुसता 'आं' आला. त्यांनी डोळे मिटले, श्वास गोळा केला आणि दुसरी चीज सुरू केली.