डावीकडून दिसणारा लॅपटॉप

आमच्या घरात लॅपटॉप एकच आणि त्याच्यासमोर खुर्च्या दोन. डावी ताईची, उजवी माझी. आम्ही दोघी बहिणी घरी बसून रेकॉर्डिंग ऐकायचो आणि लिहून काढायचो. कोणाच्या मुलाखती, कुठल्या समितीच्या बैठका, डॉक्टरांची लांबलचक भाषणं, जे येईल ते. ताईचा कान आणि माझी बोटं अशी वाटणी होती. लॅपटॉपच्या एकाच भोकात दोन हेडफोन लावता येतील अशी एक वायर होती, तिला आम्ही दुतोंडी म्हणायचो. ताई ऐकता ऐकता पडद्यावर नजर ठेवायची आणि मी काही चुकवलं, किंवा एखादा शब्द नीट कळला नाही, की माझ्या कोपरावर बोटानं टकटक करायची. म्हणजे थांब, मागे जा. माझं कोपर झिजलं तुझ्यामुळे, असं मी म्हणायचे. त्यावर ती म्हणायची, "डोक्यावर वाजवलं असतं गं, पण पोकळ आवाज येतो, कामात व्यत्यय."

ताई गेल्या हिवाळ्यात गेली. झोपेतच गेली. कोणाला काही त्रास न देता गेली हो, असं भेटायला आलेला प्रत्येक जण म्हणाला. मला झाला होता त्रास, पण मला कोणी विचारलं नाही.

त्यानंतर कामही आटलं. हल्ली यंत्रंच ऐकतात आणि यंत्रंच लिहितात. आमच्याकडे नियमित काम पाठवणाऱ्या संस्थांनी आधी कमी पाठवलं, मग पाठवणंच सोडलं, आणि खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं. ताईच्या कानाशिवाय मी आयुष्यात एक ओळ टाइप केली नव्हती. मी सकाळी उठायचे, दोन्ही खुर्च्यांवरची धूळ पुसायचे, कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन पाव आणि दूध आणायचे. दुकानदाराला "पिशवी नको" म्हणून झालं, की त्या दिवसाचं माझं बोलणं संपायचं. एकदा तो माझी कापडी पिशवी बघून आपण होऊनच गप्प राहिला, आणि तो दिवस तसाच गेला.

अशात एका कॉलेजच्या कार्यालयातून फोन आला. तिथे एक विद्यार्थिनी पुन्हा शिकायला आली होती, नोकरी सोडून, चाळिशीच्या जवळ पोचल्यावर. तिला ऐकू येत नव्हतं. वर्गात तिच्या शेजारी बसून सर जे बोलतील ते टाइप करायचं, म्हणजे ती पडद्यावर वाचेल, असं काम होतं. मी विचारलं, यंत्र का नाही लावत? फोनवरच्या बाई हसल्या. "लावलं होतं हो. आमचे सर फळ्याकडे तोंड करून पुटपुटतात. यंत्रानं हात टेकले."

मी विचार करून सांगते म्हणाले, पण विचार कसला करायचा होता? माणसांत बसायला मिळणार होतं. कोणीतरी माझ्या शेजारी बसणार होतं, आणि माझी वाट बघणार होतं. ते काम मला हवं होतं, फार हवं होतं. आणि भीतीही तेवढीच होती. घरी रेकॉर्डिंग मागे नेता येतं, वर्गात सरांना मागे कसं नेणार? एखादा शब्द निसटला तर माझ्या कोपराला कोण सांगणार?

शिवाय आमचा लॅपटॉप म्हणजे धोंडा. त्याची बॅटरी कधीच गेलेली, भिंतीतल्या प्लगशिवाय तो दोन मिनिटं जगत नव्हता. वर्ग तिसऱ्या मजल्यावर, आणि माझा उजवा खांदा असा की साधी छत्री उघडताना तोंडातून हाय निघते.

तरी मी आधी दुरुस्तीवाल्याकडेच गेले. हा आमचा जुना दुरुस्तीवाला, ताईशी हुज्जत घालायला त्याला फार आवडायचं. त्यानं धोंडा उलटा करून खालचे स्क्रू काढले, आत फुंकर मारली, आणि धुळीनं शिंकून मलाच दोष दिल्यासारखा बघत राहिला.

"नवी बॅटरी घालतो," तो म्हणाला. "आतली डिस्क बदलतो, मेमरी वाढवतो. पळायला लागेल."

"हलका होईल का?"

"बाई, वेग वाढवता येतो. वजन कसं कमी करू? किसणीवर घासू का?"

मी हसले नाही. तेव्हा त्याच्या लक्षात आलं, की हसणारी नेहमी दुसरी असायची. त्यानं स्क्रू परत लावले. "हलका घ्या एखादा," तो हळूच म्हणाला. "पडदा नीट बघून घ्या, आणि मेमरी आधीच भरपूर घ्या. त्या पातळ लॅपटॉपमध्ये ती बोर्डावरच पक्की बसवलेली असते. नंतर माझ्याकडे आणलात तर मी फक्त चहा पाजू शकेन."

लॅपटॉपच्या दुकानात इतका उजेड होता की आपल्या कपड्यांची लाज वाटावी. काउंटरवरची बाई चुणचुणीत होती. तिनं एक लॅपटॉप उचलून माझ्या तळहातावर ठेवला आणि माझा विश्वासच बसेना. शाळेची पाटीसुद्धा यापेक्षा जड असते. मला क्षणभर राग आला. आम्ही दोघींनी इतकी वर्षं तो धोंडा टेबलावरून सरकवताना कमरा मोडून घेतल्या होत्या!

मग मी माझ्या पद्धतीनं तपासायला लागले. कीबोर्डवर दोन ओळी टाइप करायच्या, आणि मग डावीकडे होऊन पडद्याकडे बघायचं. पहिल्याचा पडदा डावीकडून काळवंडला. नको. दुसऱ्याचा आरशासारखा चमकत होता, डावीकडून अक्षरांऐवजी छतावरचे दिवे दिसले. तोही नको. तिसऱ्याला हेडफोनचं भोकच नव्हतं.

"वायरशिवायचे हेडफोन लागतात ना याला," ती बाई म्हणाली.

"दोन लागतील एकदम?"

"दोन कशाला?"

मी चौथा लॅपटॉप उघडला, टाइप केलं, आणि पुन्हा डावीकडे झुकले. आता मात्र तिला राहवेना. "काकू, तुम्ही सगळे लॅपटॉप बाजूनंच का बघताय? समोरून बघा की!"

तिनं असं विचारेपर्यंत, शप्पथ सांगते, मी काय करतेय ते माझ्या ध्यानात आलेलं नव्हतं. मी ताईसाठी लॅपटॉप निवडत होते. ताईच्या खुर्चीतून दिसायला हवा, ताईच्या हेडफोनला जागा हवी. माझा चेहरा पडला असणार, कारण ती बाई ओशाळली आणि काउंटरच्या मागून बाहेर आली. एक स्टूल ओढून माझ्या डावीकडे बसली.

"बरं, मी बसते इथे. करा टाइप."

मी टाइप केलं. काय टाइप केलं ते आठवत नाही. तिच्या बाहीला साबणाचा वास होता. इतक्या महिन्यांत माझ्या इतक्या जवळ कोणी बसलं नव्हतं. दुकानातल्या त्या उजेडात मला एकदम रडू येईल की काय असं झालं.

"स्वच्छ दिसतंय," ती म्हणाली. "अगदी टोकावरून पण दिसतंय. आणि हेडफोनचं भोक पण आहे बघा. कोण बसतं तुमच्या डाव्या बाजूला?"

"ताई."

"मग त्यांनाच घेऊन या ना, त्यांनाही दाखवून घेऊ."

"आणते," मी म्हणाले.

मग मेमरीचा प्रश्न निघाला. कमीवाला घेतला तर आज भागेल, असं ती म्हणाली, पण नंतर वाढवता येणार नाही, तेव्हा आत्ताच ठरवा. "किती वर्षं वापरणार आहात, त्यावर आहे." माझ्या वयाच्या बाईला असं विचारायचं म्हणजे! तिच्या मनात काही नव्हतं, पण माझं डोकंच फिरलं. रात्री झोपून सकाळी न उठलेल्या माणसाशेजारच्या खोलीत मी राहिलेय. मला काय ठाऊक किती वर्षं? मी सगळ्यात जास्त मेमरीचा मागितला. निव्वळ रागानं मागितला.

घरी आल्यावर जुन्यातलं सगळं नव्यात घालायला बसले. फोल्डरमागून फोल्डर सरकत होते. समितीचे अध्यक्ष, खोकणारे डॉक्टर, आपल्या बालपणाविषयी बोलताना रडलेला एक म्हातारा उद्योजक. सरकताना मी एकेक उघडून ऐकत होते, आणि मध्येच मला एक गोष्ट सुचली आणि मी झपाटल्यासारखी शोधायला लागले. कुठेतरी ताईचा आवाज असेल. एखादा शब्द, एखादं खाकरणं, निदान "थांब गं" तरी.

नव्हता. असणार कसा? सगळी रेकॉर्डिंगं दुसऱ्यांनी दुसरीकडे केलेली, आम्ही फक्त ऐकणाऱ्या. शिवाय काम करताना ताई बोलायचीच नाही, टकटक करायची. जगभरातल्या लोकांचे आवाज आमच्या घरात होते आणि माझ्या बहिणीचा एकही नव्हता. मी डाव्या खुर्चीकडे बघून मोठ्यांदा म्हणाले, "एवढी वर्षं तोंडाला कुलूप लावून बसलीस, काय मिळालं तुला?" आणि मग टेबलावर डोकं ठेवून पोटभर रडले.

दुसऱ्या दिवसापासून सराव सुरू केला. एकच हेडफोन लावायचा आणि टाइप करायचं. जमत होतं, बऱ्यापैकी जमत होतं. पण शब्द निसटला की माझे हात आपोआप थांबायचे आणि कोपर वाट बघायचं. टकटक होत नाही म्हटल्यावर उशिरानं डोक्यात प्रकाश पडायचा, की मागे न्यायचं तर आता आपणच न्यायचं आहे. तोवर बोलणारा दोन वाक्यं पुढे गेलेला असायचा. कॉलेजला फोन करून नाही म्हणून टाकावं, असं मनात आलं. फोन हातात घेतलाही होता. पण नाही म्हणून मग काय करणार होते? खुर्च्या पुसणार होते.

वर्गाच्या पहिल्या दिवशी जिने चढताना मी दोनदा थांबून पिशवीत हात घातला. इतकी हलकी लागत होती की लॅपटॉप घरीच राहिला की काय अशी शंका यायची. वर पोचले तेव्हा वर्ग अर्धा भरला होता. मी शेवटून दुसऱ्या बाकावर, सवयीनं, उजव्या बाजूला बसले. ती विद्यार्थिनी आली. केस बारीक कापलेले, खांद्याला मोठी पिशवी. तिनं माझ्याकडे, लॅपटॉपकडे आणि माझ्या डावीकडच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं, आणि हसून तिथे बसली.

सर आले आणि खरंच फळ्याकडे तोंड करून पुटपुटायला लागले. मी जीव कानात आणला. पहिला परिच्छेद गेला, दुसरा गेला. ती वाचत होती, मधूनच मान डोलवत होती, आणि मला वाटलं, अगं, होतंय की! तेवढ्यात सर खिडकीकडे वळले आणि काहीतरी बोलले ते मला अजिबात कळलं नाही.

माझे हात थांबले. सर पुढे बोलतच होते, ते पुढचंही हातातून निसटत होतं, आणि मी पडद्यावरच्या लुकलुकणाऱ्या रेघेकडे बघत बसले होते. आता ही बाई काय म्हणेल, उठून जाईल, कार्यालयात सांगेल. मला घरी जायचं होतं. मला ताई हवी होती.

आणि माझ्या कोपरावर टकटक झाली.

मी इतकी दचकले की बाक हलला. तिनं सरांच्या हलणाऱ्या ओठांकडे बोट दाखवलं, मग पडद्यावरच्या थांबलेल्या ओळीकडे, आणि भुवया वर केल्या. खोटं काय बोलणार? मी टाइप केलं, "मला ऐकू आलं नाही."

तिनं वाचलं. मग एका बोटानं लॅपटॉप अलगद स्वतःकडे ओढला आणि दोन बोटांनी, हळूहळू, माझ्या ओळीखाली लिहिलं, "मलाही नाही."

मी हसले. भर वर्गात, मोठ्यांदा, तोंडावर हात ठेवायचंही भान न राहता हसले. ताई गेल्यापासून मी हसले नव्हते, आणि ते हसू कुठून आलं ते मलाच कळेना. सरांनी वळून पाहिलं. तेवढं तिला पुरलं. तिनं हात वर केला, बोट हवेत गोल फिरवलं, मागे, मागे, आणि सर निमूटपणे आमच्याकडे तोंड करून तेच वाक्य पुन्हा बोलले.

तिनं लॅपटॉप माझ्याकडे सरकवला. मी टाइप करायला लागले. डोळे भरून आले होते, कीबोर्ड धड दिसत नव्हता, तरी बोटं चालत होती. चौथ्या का पाचव्या शब्दाला काहीतरी भलतंच उमटलं असावं, कारण कोपरावर पुन्हा टकटक झाली, आणि मी थांबले, मागे गेले.