पाचवं शील

लीड्समधल्या आमच्या मंडळात पंचशील झाल्याशिवाय चहाचा थर्मास उघडत नाही. बारसं असो, शोकसभा असो, नाहीतर हीटिंगचं बिल कसं कमी करायचं यावरची मीटिंग असो. आधी सगळे हात जोडणार, अध्यक्ष दादासाहेब एकेक शील म्हणणार आणि आम्ही त्यांच्यामागून. मला हे मनापासून आवडतं. पण अलीकडे पाचवं शील जवळ आलं की माझी नजर शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे जाते. ते शील म्हणजे कोणत्याही नशेपासून दूर राहण्याचं वचन, आणि माझा मुलगा सम्यक तिथेच अडकलाय.

फुटबॉल खेळताना त्याचा खांदा मोडला, ऑपरेशन झालं, दुखण्यावर गोळ्या मिळाल्या. खांदा भरून आला, गोळ्या सुटल्या नाहीत. पुढे डॉक्टर देईनात तेव्हा रस्त्यावर मिळेल ते तो घ्यायला लागला. मी स्वतः नर्स, त्यामुळे काय चाललंय ते मला सगळ्यांआधी कळलं, आणि कळून काडीचा उपयोग झाला नाही.

आता तो सावरलाय. कौन्सिलने एका संस्थेबरोबर मिळून स्कीम काढली, तिच्यातून त्याला खोली मिळाली. रोज सकाळी फार्मसीत जाऊन तो मेथाडोन घेतो. ते हिरवं औषध अंगातली तलफ थोपवून धरतं. त्याच संस्थेत तो व्हॉलंटियरही झालाय. घरी बोलावलं की येतो, जेवतो, स्वतःचं ताट धुतो आणि जातो. फक्त रविवारी मंडळाच्या हॉलवर वंदनेला येत नाही. आणि मला तो नेमका तिथेच हवाय.

लहानपणी कित्येकदा तोच शील द्यायचा. एवढासा पोरगा पुढे उभा राहायचा, आणि दादासाहेबांसकट सगळे त्याच्यामागून म्हणायचे. 'माझी बूट कुठेय' असं त्याचं मराठी. बायका पदराआड हसायच्या, पण शीलांचं पाली असं स्वच्छ म्हणायचा की हॉल गप्प व्हायचा. तो आवाज मला परत ऐकायचाय. मंडळातल्या राजश्रीचा मुलगा बेसिंगस्टोकला आयटीत आहे, घर घेतलं, गाडी घेतली, तिला लखलाभ. माझ्या मुलाने माझ्या शेजारी बसून पाच ओळी म्हणाव्यात, एवढंच माझं मागणं आहे. त्यासाठी जीव नुसता तुटतो.

शनिवारी आम्ही मार्केटमधल्या कॅफेत भेटतो. तिथे मी पुन्हा विषय काढला.

"ये ना रे एकदा."

"आई, पाचवं आलं की मी काय करू?"

"म्हणायचं."

"सकाळी मेथाडोन पिऊन? माझा जीभ नाही वळणार."

"अरे, औषध आहे ते. दादासाहेब पाठदुखीला पॅच लावतात, त्यातही त्याच जातीचं औषध असतं. मला नको शिकवूस."

"आय नो, औषध आहे. त्याचं नाही गं." त्याने टोस्टचा तुकडा बीन्समध्ये फिरवला. "तूच सांगायची ना, दॅट्स अ प्रॉमिस, नॉट अ प्रेयर. मी ते प्रॉमिस एव्हरी संडे केलं. तुझ्या बाजूला बसून. आणि पॉकेटमध्ये स्टफ होता. आता परत कसं बोलू? आधी मला माझ्यावर ट्रस्ट आला पाहिजे."

"मग चारच म्हण. पाचव्याला गप्प बस."

"सगळे बघतील. तुझ्याकडे पण बघतील."

मला त्याचा राग आला. एवढं खरं वागायला याला कोणी सांगितलं होतं? मीच सांगितलं होतं. चहा गार झाला, तो तसाच पिऊन मी बस पकडली.

त्यानंतर काही दिवसांनी सम्यकच्या संस्थेची नीना आमच्या कमिटीकडे आली. तिला हॉल हवा होता. कौन्सिलच्या मदतीने ते वस्तीवस्तीत नालोक्सोन शिकवत होते. नशेच्या अतिसेवनाने कोणाचा श्वास बंद पडत असेल, तर हा फवारा नाकात मारायचा आणि अँब्युलन्स येईपर्यंत माणूस धरून ठेवायचा. दादासाहेब शिस्तीचे कडक. ते नाहीच म्हणणार, असं सगळ्यांनी धरून ठेवलं होतं.

"जीव वाचत असेल तर नाही कशाला म्हणायचं?" ते म्हणाले. "फक्त पद्धतीप्रमाणे आधी पंचशील होईल. तुमच्या लोकांनीही आमच्याबरोबर घ्यायचं. तो पाहुण्यांचा मान असतो."

"ओह, दॅट्स लव्हली," नीना म्हणाली. "सम्यक विल डू द डेमो. तो तुमच्यातलाच आहे ना?"

माझ्याशिवाय कोणाच्याच ध्यानात आलं नाही. ज्यांच्यासाठी दार उघडलं, त्यांना पाचव्या शीलाचा मान देऊन बाहेरच अडवलं होतं. मी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. मनात आलं, काम म्हणून तरी येईल. एकदा आत आला की बसेल माझ्याजवळ, आणि बसला की म्हणेल. आशा फार लबाड असते. रविवारी मी ठेवणीतली पांढरी साडी नेसले आणि शेजारची खुर्ची कोट ठेवून अडवली.

नीना एकटीच आत आली. "सम्यक खोकं आणतोय," ती म्हणाली. दादासाहेबांनी मेणबत्त्या लावल्या, सगळ्यांनी हात जोडले. शीलांआधीचं त्रिशरण सुरू झालं तरी सम्यक आला नाही. मी दाराकडे पाहिलं. दाराला मध्ये काच आहे. काचेपलीकडे कॉरिडॉरमध्ये तो उभा होता, गळ्यात संस्थेचं ओळखपत्र, पायाशी मोठं खोकं. खाली मान घालून उभा होता.

पहिलं शील झालं. तेव्हा मला दिसलं, त्याचे ओठ हलत होते.

वंदना चालू असताना आमच्यात कोणी उठत नाही. अगदी मूल रडलं तरी आई ते तिथेच थोपटते. मी उठले. माणसांच्या गुडघ्यांना धक्के देत रांगेतून बाहेर पडले. रांगेतल्या श्यामलाने माझा पदर ओढला, तो सोडवून घेतला. दादासाहेबांचा आवाज जरा अडखळला आणि पुन्हा सुरू झाला.

दार ढकललं तेव्हा सम्यक तिसरं शील म्हणत होता. आवाज आता जाड झालाय, थोडा घोगराही, पण पाली तसंच स्वच्छ. मला पाहून तो दचकला, पण थांबला नाही. मी त्याच्या शेजारी भिंतीला टेकून हात जोडले. चौथं शील, खोटं न बोलण्याचं, आम्ही दोघांनी बरोबर म्हटलं.

आत पाचवं सुरू झालं. तो गप्प झाला. मीही तोंड मिटलं.

"आई, तू बोल ना," तो हळूच म्हणाला. "तुला काय प्रॉब्लेम आहे?"

"तू म्हणशील तेव्हा म्हणेन."

"तू वेडी आहेस का? खूप वर्षं लागतील. मेबी नेव्हर."

मला ते आजच हवं होतं. आत्ता, या क्षणी, त्या दाराच्या आत. आणि मला मुळीच घाई नाही, असं सांगायचं अगदी जिभेवर आलं होतं. पण नुकतंच चौथं शील घेतलं होतं.

"लागू देत," एवढंच म्हणाले, आणि वाकून खोक्याची एक बाजू उचलली.