काच नसलेली काच

तुमच्यापैकी जे जे सकाळी दुचाकी काढतात ना, त्यांनी खरं सांगायचं हं! थंडीचे दिवस, बाहेर धुकं, डोक्यावर हेल्मेट. काच खाली ओढली की दोन श्वासांत समोरचा रस्ता गायब! होतं की नाही? मग आपण काय करतो? एक हात हँडलवर, आणि दुसऱ्या हाताच्या मोज्यानं काच पुसायला लागतो. तीही बाहेरून! वाफ आत, मोजा बाहेर. शेवटी वैतागून काच वर करायची, वारा थेट डोळ्यांत, डोळ्यांतून धारा, आणि पोचल्यावर सगळे विचारणार, "काय हो, घरी भांडण झालं का?"

बाणचं रोज अगदी हेच चाललं होतं.

बाण म्हणजे रक्त तपासणाऱ्या एका लॅबचा सगळ्यात जुना रायडर. गावभरच्या छोट्या दवाखान्यांतून रक्ताच्या नळ्या गोळा करायच्या, गार पेटीत ठेवायच्या आणि लॅबमध्ये आणून द्यायच्या, हे त्याचं काम. सात वर्षं झाली. बाणासारखा सुटतो म्हणून बाण. लॅबच्या दाराशी एक फळा होता. ज्याची पेटी आधी येईल त्याचं नाव वर. टेक्निशियन बाई त्याच क्रमानं पेट्या उघडायच्या. सात वर्षं पहिल्या ओळीत बाणच. बाई तर म्हणायच्या, "याचं नाव पुसायचंच कशाला, रंगानं लिहून टाका!"

आणि मग आली चष्मेवाली.

बारीक अंगाची, जाड भिंगांचा चष्मा, आधी कुठल्याशा शीतगृहात कामाला होती म्हणे. पहिल्या दिवशी बाण पोट धरून हसला. "हिच्या डोळ्यांवर एक काच, हेल्मेटला दुसरी काच. दोन्हीवर वाफ धरली की ही जाणार भिंतीला धडक द्यायला!"

धडक बसली, पण बाणच्या नावाला. तिसऱ्या आठवड्यात फळ्यावर पहिलं नाव तिचं! बाण डोळे पुसत पुसत आत आला, तर ही बाकावर बसून चहा पितेय. चष्मा लख्ख. काच लख्ख. जणू धुकं हिला बघून रस्ता सोडतं!

"लवकर आलात?" बाणनं विचारलं. गोड बोलायचं होतं, पण आवाज दातांमधून आला.

"नाही हो दादा, नेहमीसारखीच आले. तुमचे डोळे किती लाल झालेत! तुमची ती काच आतून जरा..."

"आमची काच आम्ही बघू."

विषय संपला. म्हणजे तिच्यापुरता संपला. बाणच्या पोटात तर तिथूनच दुखायला सुरुवात झाली. तिला चहा दिला तर यानं चहावाल्याकडे डोळे वटारले. बाई तिच्याशी हसून बोलल्या की याचा जीव खालीवर. आणि एक दिवस तर त्यानं हद्दच केली. पैलवान नावाचा एक रायडर होता, इतका किडकिडीत की वाऱ्यावर गाडी थोडी तिरकीच चालायची त्याची. त्याच्या कानाशी लागून बाण म्हणाला, "एवढ्या लवकर कशी येते माहितीये? एक दवाखाना गाळते. तिथल्या नळ्या दुसऱ्या फेरीत आणते."

"तू बघितलंस?"

"बघायला कशाला हवं? हिशोबच तसा लागतो!"

आता यात काडीचं खरं नव्हतं. पण असल्या गोष्टीला पाय फुटायला वेळ लागतो का? दुपारपर्यंत चार जणांना कळलं, आणि संध्याकाळी चष्मेवाली एकटीच बसून डबा खात होती. बाणला वाटलं आता बरं वाटेल. वाटलं नाही! सकाळी फळ्यावर पुन्हा तिचंच नाव होतं ना.

घरी बायकोनं आठवडाभर ऐकून घेतलं, ऐकून घेतलं, आणि मग लाटणं खाली ठेवलं.

"अहो, मग तिलाच विचारा की काय करते ते. तोंडाला कुलूप लागलंय का?"

"मी? सात वर्षांचा बाण जाऊन सात आठवड्यांच्या पोरीला विचारणार?"

"नका विचारू. रडत रडत जा रोज. मी शेजारी सांगते, कांद्याचा धंदा काढलाय म्हणून."

बाण विचारणार नव्हता. पण बघायला काय हरकत आहे? दुसऱ्या दिवशी काम सुटायच्या वेळी तो लॅबच्या मागच्या मोरीपाशी खांबाआड उभा राहिला. हा एवढा मोठा माणूस, पोट आत ओढून! चष्मेवाली आली, हेल्मेट पालथं केलं, खिशातून इवलीशी बाटली काढली. डोळ्यांत औषध घालायची असते ना, तेवढी. चिठ्ठी नाही, काही नाही. आत पाण्यासारखं काहीतरी. एक थेंब बोटावर, बोट काचेच्या आतल्या बाजूनं फिरवलं, थोडं वाळू दिलं, मऊ फडक्यानं हलकेच पुसलं. झालं. गेली!

बाणचे डोळे लकाकले. औषध! पण आणलं कुठून? त्यानं वर बघितलं. मोरीवरच्या फळीवर बाईंची मोठी बाटली, आणि वर बाईंच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलेलं: काचा पुसण्यासाठी.

"अस्सं!" बाण मनात म्हणाला. "लॅबचंच औषध चोरते, आणि मिरवते!"

खरं तर ते होतं सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात त्या काचेच्या पट्ट्या पुसायचं जहाल औषध. पण बाण कशाला विचार करतोय? काच ती काच! आपण सगळेच म्हणतो की, हेल्मेटची काच. दुकानदार म्हणतो, मेकॅनिक म्हणतो. त्यानं चांगलं फडकं भिजवलं, गाडीतळाच्या अंधुक उजेडात काचेला आतून, बाहेरून, दोन्हीकडून चोपडलं आणि हेल्मेट पिशवीत घालून शीळ घालत घरी गेला. उद्या फळ्यावर कोण ते बघाच!

सकाळी पिशवीतून हेल्मेट काढलं आणि शीळ तोंडातच राहिली. काच दुधासारखी पांढरी! आणि आत केसाएवढ्या बारीक भेगा, कोळ्याच्या जाळ्यासारख्या.

"हे काय?" बायको म्हणाली. "आजीच्या मोतीबिंदूसारखं दिसतंय."

"बोलू नकोस तू!"

"आज सुट्टी घ्या ना. किंवा फोन करून सांगा, हेल्मेट खराब झालंय."

सुट्टी? म्हणजे फळ्यावर नावच नाही? बाणनं ती आंधळी काच वर सारली आणि निघाला.

शेवटच्या दवाखान्यात एक मुलगी त्याची वाट बघत दारातच उभी होती. तिच्या वडिलांचं ऑपरेशन होतं. त्यांच्या रक्ताची नळी आठपर्यंत लॅबला पोचायची होती, रक्त जुळवून आलं तरच डॉक्टर पुढे जाणार होते.

"दादा, पोचेल ना वेळेत?"

"बाण म्हणतात मला," तो म्हणाला, आणि पेटी मागे बांधली.

धुकं त्या दिवशी असं होतं की हात लांब केला तर बोटं दिसू नयेत. आणि हा काच वर करून सुसाट! थंड वारा डोळ्यांत सुयांसारखा. डोळे मिटायचे, उघडायचे, पुन्हा मिटायचे. एकदा काच खाली करून बघितली, तर समोरच्या एका दिव्याचे पन्नास दिवे झाले. पुन्हा वर. पुलाजवळच्या चौकात त्यानं डोळे मिटले, उघडले, आणि समोर झाडू घेतलेली बाई!

ब्रेक! गाडी आडवी! बाण एकीकडे, गाडी दुसरीकडे, झाडूचे दोन तुकडे. आणि झाडणाऱ्या मावशी? हातभर अंतरावर, छातीवर हात ठेवून उभ्या.

"मेले असते ना रे मी!" मावशींचा आवाज फुटला. "एवढा मोठा पिवळा कोट घातलाय मी! दिसत नाही तुला?"

"धुकं... धुकं होतं मावशी..."

"आत्ता तुझ्या आधी एक चष्म्यातली पोरगी गेली इथून, तिला बरी दिसले मी! लांबूनच हळू झाली, हात करून गेली. धुकं काय तुझ्या एकट्यापुरतं पडलंय?"

बाण उठायला गेला. गुडघा सोलवटला होता, पाय टेकवत नव्हता. पेटी मात्र पट्ट्यांत घट्ट होती, नळ्या शाबूत. घड्याळात आठला पंधरा कमी. आणि आवाज ऐकून पुलावरून परत वळून कोण आलं? चष्मेवालीच!

"दादा! लागलं का? पेटी द्या माझ्याकडे, मी नेते."

आता बघा हं, मंडळी, मत्सर किती चिवट असतो! माणूस रस्त्यात पडलाय, गुडघ्यातून रक्त येतंय, आणि तरी याच्या मनात पहिलं काय आलं? आजही हीच पहिली. माझीच पेटी घेऊन ही पहिली! त्यानं चक्क पेटीवर हात ठेवला. घट्ट.

"मी... मी जाईन. दोन मिनिटांत."

चष्मेवालीनं त्याच्या हेल्मेटची ती पांढरी काच बघितली. मग त्याच्याकडे. "दादा, कुणाचं आहे यात?"

बाणला दारात उभी असलेली मुलगी आठवली. पोचेल ना वेळेत? तो फळ्याचा विचार करत होता, आणि पेटीत त्या मुलीचा बाप होता! कसली ही शर्यत? कुणाच्या जिवावर?

त्यानं हात काढला. "घेऊन जा, ताई. आठच्या आत. ऑपरेशनचं आहे."

ती गेली. मावशींनी बाणला कठड्याशी बसवलं आणि पाणी दिलं. मोडलेल्या झाडूबद्दल मात्र चार शब्द ऐकवलेच.

तासाभरानं पैलवाननं त्याला गाडीवर घालून लॅबमध्ये आणलं तेव्हा सगळे जमले होते. नळी आठला पाच कमी असताना पोचली होती. रक्त जुळलं होतं, त्या माणसाला आत घेतलं होतं. आणि टेक्निशियन बाई हातात मोठी बाटली घेऊन उभ्या. "यातलं अर्धं औषध कुठं गेलं? कुणी घेतलं?"

गप्प बसला असता तर कुणाला कळलं नसतं. पण बाण उभा राहिला. लंगडत, पण उभा राहिला.

"मी घेतलं, बाई. हेल्मेटच्या काचेला लावलं. मला वाटलं ताई हेच लावतात. आणि अजून एक. ताई दवाखाना गाळतात हे मी उठवलं होतं. खोटं आहे ते. साफ खोटं. मला त्यांची मोकळी काच बघवत नव्हती."

 चष्मेवालीनं चष्मा काढला, उगाचच पुसला. मग म्हणाली, "दहा दिवस डबा एकटीनं खाल्ला, दादा. कळत नव्हतं काय चुकलं माझं."

बाणची मान खाली गेली. बाईंनी खुर्ची ओढली.

"अरे शहाण्या, तुम्ही काच म्हणता म्हणून ती काच झाली का? प्लॅस्टिक आहे ते! हे औषध लावल्यावर दुसरं काय होणार? पण औषधाचं जाऊ दे. ही पुढे गेली ते तुला रोज दिसलं. कशी गेली ते एकदा तरी विचारलंस? पुढे गेलेल्या माणसाचे पाय ओढण्यापेक्षा त्याची पावलं बघ! पाय ओढलेस तर दोघंही तिथंच. पावलं बघितलीस तर दोघंही पुढे. आणि रस्त्यावर तर तिसरा माणूसही असतो, झाडू घेऊन. त्याचा काय गुन्हा?"

बाणनं मान वर केली. घसा खाकरला. सात वर्षांत कधी न म्हटलेलं वाक्य म्हटलं.

"ताई, मला शिकवता का?"

चष्मेवालीच्या चेहऱ्यावर आधी राग होता, मग थोडा कमी झाला, मग गेलाच बहुतेक. तिनं खिशातून इवली बाटली काढली. "भांडी घासायचा पातळ साबण आहे हो हा, पाण्यात घातलेला! शीतगृहात आत-बाहेर करताना चष्म्यावर वाफ धरायची, तेव्हा शिकले. एक थेंब, आतून, सगळीकडे पसरायचा. वाळला की मऊ फडक्यानं हलकेच पुसायचं, काच स्वच्छ दिसेपर्यंत. धुवायचं नाही. दोन-तीन दिवसांनी पुन्हा लावायचं."

"एवढंच?"

"एवढंच कसं! नाकावर रुमाल बांधता ना, तो वरच्या कडेला घट्ट बसवा, म्हणजे श्वास खाली जातो. हनुवटीपाशी हवेचं भोक असतं, ते उघडं ठेवा. सिग्नलला थांबलात की काच बोटभर उचला. आणि एवढं करूनही दिसलं नाही, तर वेग कमी करा किंवा बाजूला थांबा. माझं नाव पहिलं लागलं त्या दिवशी हेच सांगत होते. तुम्ही म्हणालात, आमची काच आम्ही बघू."

"बघितली ना," पैलवान म्हणाला. "चांगली दुधात भिजवून बघितली!"

सगळे हसले. बाणही हसला, आणि हसता हसता डोळे पुसले. या वेळी वाऱ्याचा दोष नव्हता. संध्याकाळी त्यानं नवी काच बसवून घेतली आणि मावशींना नवा झाडू नेऊन दिला. त्यांनी तो घेतला, पण "हळू जाईन" हे तीनदा म्हणवून घेतल्याशिवाय सोडलं नाही.

आता त्या लॅबमध्ये येणाऱ्या प्रत्येक नव्या रायडरला पहिल्या दिवशी साबणाचा थेंब कोण शिकवतो? बाण! परवाच त्यानं शिकवलेली एक नवी पोरगी त्याच्या आधी पोचली. बाणच्या पोटात थोडं दुखलं. दुखलंच, उगाच खोटं कशाला सांगू? पण तो तिच्या शेजारी जाऊन बसला आणि म्हणाला, "आज कुठल्या रस्त्यानं आलीस गं? मलाही सांग."

तर मंडळी, आपल्यापेक्षा कुणी बरं करताना दिसलं की आपल्याही आत अशीच वाफ धरते. ती दुसऱ्याची नसते, आपल्याच श्वासाची असते. ती असेपर्यंत आपल्याला समोरचा माणूस दिसत नाही, तो कितीही पिवळा कोट घालून उभा असू दे. म्हणून ज्याचा हेवा वाटतो ना, त्यालाच जाऊन विचारा. विचारण्यानं कुणी लहान होत नाही. आणि आपल्याला येत असेल तर सांगून टाका, कारण रस्त्यावर शेजारच्याला नीट दिसलं तरच आपणही घरी नीट पोचतो!