गुरुवारची चिठ्ठी

ऑफिसात तिला सगळे मैना म्हणत. आधीचं ‘मुकी’ मनातल्या मनात म्हणत, तेवढी सभ्यता होती. हॉस्पिटलांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधणं हे तिचं काम. भल्याभल्यांच्या कोडला तिच्यापुढे घाम फुटायचा.

दर गुरुवारी गिऱ्हाइकाबरोबर मीटिंग असे. मैना चुकांची चिठ्ठी लिहून द्यायची आणि शेजारच्या टेबलावरची बडबडी ती फाडफाड इंग्रजीत सांगायची. बडबडी पहिलीपासून इंग्रजी शाळेतली. मैना बारावीपर्यंत घरच्या भाषेत शिकलेली. अजूनही ‘काटकोन’ म्हटल्याशिवाय तिला काटकोन दिसत नसे.

पगारवाढीसाठी साहेबांना भेटायच्या आदल्या दिवशी बडबडीने स्वतःचा पगार सांगितला. मैनाच्या जवळजवळ दीडपट. मैनाने कप खाली ठेवला.

“चुका शोधतेस तू आणि पगार वाढतो माझा. लाज वाटते गं ताई,” बडबडी म्हणाली. “या खेपेला चिठ्ठी मी लिहिते. तू वाच.”

दुसऱ्या दिवशी साहेबांसमोर, बडबडीइतका पगार मागणारी, पहिली दोन इंग्रजी वाक्यं बरी गेली. तिसऱ्याला त्यांनी इंग्रजीतच विचारलं, मग मीटिंगमध्ये तुम्ही का बोलत नाही?

हे चिठ्ठीत नव्हतं. मैनाने कागद उलटून पाहिला. मागे कोरा.

“हसतील म्हणून,” ती आपल्या भाषेत म्हणाली. “पण साहेब, मागच्या महिन्यात तान्ह्या बाळाला मोठ्यांचा डोस दाखवत होतं आपलं सॉफ्टवेअर. ते काही बोलून सापडलं नाही. बघून सापडलं.”

साहेब उठले, काचेचं दार लावून आले आणि तिच्याच भाषेत हळूच म्हणाले, “मीही तुमच्यासारख्याच शाळेतला. मीटिंगआधी वाक्यं पाठ करून जायचो.”

“मग दार कशाला लावलंत?”

साहेबांनी उगाच पेन उचललं, ठेवलं. “पगार दोघींचा सारखा करायला लावतो. पण गुरुवारी तुम्ही बोलायचं.”

गुरुवारी मैना बोलली. अडखळली, शब्द सापडेना तिथे सरळ स्क्रीनवर चूक दाखवली. बडबडी चिठ्ठी धरून शेजारीच बसली होती, लागली तर असावी म्हणून. लागली नाही.

महिनाअखेरीस पगाराचं पत्र आलं. वाढ होती, बडबडीइतकी मात्र नव्हती.

मैनाने पत्र दोनदा वाचलं, चुकीखाली मारायची तशी आकड्याखाली रेघ मारली आणि साहेबांच्या खोलीत गेली. दार तिने उघडंच ठेवलं.

“साहेब,” ती बाहेर सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “यात एक चूक सापडली आहे.”