वाळवीनं खाल्लेला माग

खंडेनवमीचा दिवस. विणकरांच्या वडगावात घरोघरी मागांना झेंडूच्या माळा चढलेल्या, आणि सुबराव मात्र आपल्या मागापुढं नुसता बसून. त्याच्या बायकोनं, मालुबाईनं तिसऱ्यांदा हळदी-कुंकवाचं तबक पुढं सरकवलं.

"अवो, लेकीकडनं आल्यापासनं ह्ये काय चाललंय तुमचं? तिकडं कसली बाधा झाली का काय?"

बाधाच म्हणायची. रक्षा प्रागला नोकरीला. तिनं बापाला तिथली ज्यू लोकांची जुनी वस्ती दाखवली. प्रार्थनाघराच्या भिंतीभर नावंच नावं, नाझींनी मारून टाकलेल्या माणसांची. सुबराव हळहळला आणि पुढं गेला. परक्याचं दुःख, ते किती वेळ टिकणार! बाहेर रस्त्यात मात्र एका घरापुढं फरशीत बसवलेल्या पितळी पत्र्यावर त्याचा पाय पडला. त्यावर अक्षरं. अक्षराला पाय लागला म्हणून गडी भर रस्त्यात वाकला, पत्र्याला हात लावून कपाळाला लावला.

"आप्पा, ज्यांची ही नावं, ती माणसं ह्याच घरात राहायची," रक्षा म्हणाली. "सगळ्यांना धरून नेलं."

"आणि घरातलं सामान?"

"कितीतरी ठिकाणी शेजाऱ्यांनीच ठेवून घेतलं म्हणे. एखादा वाचून परत आला, तर आमच्याकडं काय न्हाय म्हणायचे."

सुबरावला घरचा माग आठवला. तो त्याचा नव्हताच, गल्लीतल्या मष्णूचा होता. मष्णूच्या पोरीनं जातीबाहेर लग्न केलं आणि गल्लीनं त्याला वाळीत टाकलं. बहिष्काराच्या कागदावर पहिली सही सुबरावची! मष्णू निपाणीला गेला. "सांभाळ रं, जागा मिळाली की नेतो," म्हणून माग ठेवून गेला. वर्षानं त्याचा निरोप आला, तर ह्यानं कळवलं, वाळवीनं खाल्ला. तो माग तिसऱ्या ठोक्याला 'कुई' करायचा, पण साडीचा काठ असा विणायचा की बघत राहावं. तिथलं मरण कुठं आणि आपलं वाळीत टाकणं कुठं, असं सुबराव विमानात स्वतःला बजावत आला. मन ऐकेल तर शपथ.

आता त्यानं तबक बाजूला सारून फोन लावला.

"मष्णूआण्णा, सुबराव बोलतोय. माग हाय. वाळवी लागली न्हवती. मी खोटं बोललतो."



"ठावं हाय," मष्णू म्हणाला. "नातू झाला तवा पेढे घेऊन आलतो तुझ्याकडं. दारात आलो आणि आत 'कुई' ऐकली. माझा माग मी वळखत न्हाय व्हय? तसाच माघारी गेलो."

सुबरावला रडू फुटलं. "आज ये, आण्णा. पूजा तुझ्या हातची."

"गल्लीला सांगितलंस? सांग. मी ऐकतो."

सुबराव फोन घेऊन गल्लीच्या मधोमध उभा राहिला. "मष्णूआण्णाचा माग मी लाटलाय! तो आज माझ्या घरी पूजेला येणार हाय!"

पूजेच्या घंट्या थांबल्या. एकेक दार लागत गेलं.

"किती दारं लागली रं?" मष्णूनं विचारलं.

"सगळी."

"तुझं?"

सुबरावनं भीत भीत मागं बघितलं. मालुबाई दाराच्या दोन्ही फळ्या धरून उंबऱ्यात उभी होती.

"उघडं हाय."

"मग निघतो," मष्णू म्हणाला.